गाडीच्या एसीचा कुबट वास : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

१ जून २०२५, रविवार

आज ठरवलं, गणपतीला गावी जायच्या आत गाडीतला हा वास घालवायचाच. काय केलं आणि काय झालं ते तारखेनुसार लिहून ठेवतोय, म्हणजे माझा गोंधळ होणार नाही आणि आणखी कुणाला उपयोग झाला तर बरंच.

झालं असं की काल आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं, बाहेर पाऊस, काचा बंद, एसी लावला आणि अर्ध्या मिनिटात समोरच्या जाळ्यांमधून असा काही आंबूस कुबट वास आला की आईने नाकाला पदर लावला. "ह्यो वास कसलो रे, ओल्या पायपुसण्यासारखो?" तिला दमा आहे, पंप कायम पर्समधे असतो. खोकला सुरू झाला तो थांबेना, शेवटी पावसातच काच खाली केली आणि पंप घ्यावा लागला. डॉक्टरकडे जायच्या रस्त्यातच तिची ही हालत माझ्याच गाडीमुळे झाली, हे मनातून जात नाहीये.

गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, ६८ हजार किलोमीटर झालेली. माझा घोटा मोडल्यामुळे मार्चअखेरपासून जवळपास दोन महिने ती पनवेलला सोसायटीच्या आवारात गुलमोहराखाली नुसती उभी होती. त्यात यंदा मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला, नेहमीची तारीख ११ जून, त्यामुळे गाडीला कोरडे दिवस मिळालेच नाहीत. २७ ऑगस्टला गणपती. गाव कणकवलीकडे, रेल्वेचं तिकीट मिळालेलं नाही, म्हणजे आईला याच गाडीतून चारशेच्या वर किलोमीटर न्यायचंय.

आज एकच काम केलं, आरशाला लटकवलेलं जेलचं परफ्यूम काढून टाकलं. त्याने वास जात नाही, वासावर वास चढतो, आणि दम्याच्या माणसाला ते परफ्यूमही त्रासच देतं. शिवाय खरा वास कुठून येतो ते कळायचं तर नाक मोकळं पाहिजे.

२ जून

ऑफिसहून आल्यावर अर्धा तास फक्त वास घेत बसलो. इंजिन चालू, एसी बंद, नुसता ब्लोअर (आतला वारा सोडणारा पंखा) चारवर, तर थोडा धुळीचा वास, बाकी काही नाही. एसी लावला की पहिला अर्धा मिनिट जोरात कुबट, मग पाचेक मिनिटांत कमी कमी होत जवळपास गेला. नंतर एसीचं बटण बंद करून ब्लोअर तसाच ठेवला, तर तीन-चार मिनिटांनी वास परत आला आणि या वेळी सगळ्यात जास्त.

हे बघितल्यावर बरंचसं कळलं. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते, पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांची, ती गार होते आणि हवेतलं पाणी तिच्यावर जमतं. आत्ताच्या दमट हवेत २८ डिग्रीला घनमीटरमधे २४-२५ ग्रॅम पाणी असतं, तीच हवा ८ डिग्रीला गार केली की तिच्यात ८ ग्रॅमच मावतं, बाकीचं सगळं कॉइलवर उतरतं. तासाभरात लिटरभर पाणी सहज निघतं. धूळ, पानांचा चुरा, परागकण त्या ओल्या पत्र्यांना चिकटतात, गाडी बंद केली की आत अंधार, ऊब आणि ओल, बुरशीला आणखी काय पाहिजे. कॉइल गार असताना वास दबून राहतो, ती गरम होऊन पाणी सुटायला लागलं की वर येतो. म्हणून सुरुवातीला आणि एसी बंद केल्यावर.

वासाची जात ओळखणं फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, कारण सगळेच वास बुरशीचे नसतात. गोडसर, पाकासारखा वास आणि काचेवर आतून तेलकट धुकं असेल तर हीटरच्या कॉइलमधून कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) गळतंय, ते विषारी असतं, ते घरी करायचं काम नाही. जळका वास आला तर ब्लोअरची मोटर किंवा वायरिंग. पेट्रोलचा आला तर गाडी चालवायचीच नाही. आणि उंदीर मेल्याचा वास दोन-तीन दिवसांत इतका वाढतो की शंका राहत नाही. पावसात उंदीर बॉनेटमधे आसरा घेतात, कोकणात लेप्टो (उंदराच्या लघवीतून पसरणारा ताप) असतो, त्यामुळे तिथे लेंड्या दिसल्या तर हातमोजे आणि मास्क घालून आधी जंतुनाशकाच्या पाण्याने ओलं करायचं मग पुसायचं, कोरडं झाडायचं नाही. आमच्याकडे लेंड्या नाहीत, टॉर्च लावून बघितलं.

८ जून, रविवार

आज एसीचा फिल्टर काढला. ग्लोव्ह बॉक्स रिकामा केला, दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो, मागे एक झाकण आहे, ते उघडून फिल्टर ओढला तर ओढतानाच मांडीवर पाचोळा सांडला. गुलमोहराची ती बारीक बारीक पानं, तांदळाच्या दाण्याएवढी, घड्यांमधे अशी ठासून बसली होती की मूळ पांढरा कागद कुठे दिसतच नव्हता. खालच्या कडेला ओल होती आणि तिथे करड्या रंगाचे बुरशीचे ठिपके. नाकाशी नेला तर तोच वास, पण खूप फिका. म्हणजे फिल्टर गुन्ह्यात सामील आहे, पण मुख्य गुन्हेगार नाही.

मागच्या सर्व्हिसच्या बिलात नवीन फिल्टरचे पैसे लावलेले आहेत, आणि हा फिल्टर काही केल्या एका वर्षाचा वाटत नाही. कोणाशी भांडत बसणार नाही, पण यापुढे जुना फिल्टर हातात मागून घेणार. साधारण १० हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदलावा, आणि झाडाखाली गाडी उभी राहत असेल तर पावसाआधी एकदा बघावाच.

वायपरखालची जाळी पण साफ केली. बाहेरची हवा तिथूनच आत येते आणि तिथे दोन ओंजळी कुजलेला पाला निघाला, काळा, चहाच्या चोथ्यासारखा. नवीन फिल्टर कोळशाचा (वास शोषणारा) घेतला, साध्यापेक्षा दीडशे रुपये महाग. त्याच्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो बघूनच बसवायचा.

१२ जून

दोन दिवस छान गेले, तिसऱ्या दिवशी वास परत. वारा मात्र खूप सुधारलाय, पूर्वी चारवर यायचा तेवढा आता दोनवर येतो.

सल्ले खूप येतायत. शेजारचे काका म्हणाले कापूर ठेव, एकाने सांगितलं गाडीत अगरबत्ती लाव, एकाने फिनेल शिंपड म्हणून सांगितलं. सगळ्यांचं मन चांगलं आहे पण दम्याच्या माणसाच्या गाडीत धूर आणि फिनेल दोन्ही नको. एका गॅरेजवाल्याने फोनवरच "गॅस भरून घ्या" म्हणून सांगितलं, ते मात्र मला पटलं नाही, कारण एसीचा गॅस बंद पाईपात फिरतो, गळती नसेल तर संपत नाही आणि कॉइलवरच्या बुरशीशी त्याचा काही संबंध नाही. दुसऱ्याने ओझोनचं मशीन लावू म्हटलं. ओझोनने वास मरतो हे खरं पण फुफ्फुसाला तो वाईटच, आणि कॉइलवरचा चिकटा तसाच राहतो, मग महिन्याने परत तेच. नाही म्हटलं.

ब्लीचचं पाणी मारायचा विचार माझ्याही डोक्यात येऊन गेला होता. अ‍ॅल्युमिनियम खातं ते. कॉइल फुटली तर अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा खर्च.

१५ जून, रविवार

कॉइल साफ करायच्या फोमचा कॅन आणला, ५५० रुपये, बिनवासाचा मुद्दाम शोधून. इथे माझी चूक झाली ती लिहून ठेवतो. आमच्या गाडीत फिल्टरची जागा ब्लोअरच्या आधी आहे, म्हणजे तिथून नळी घालून फोम मारला तर तो कॉइलपर्यंत पोचतच नाही, ब्लोअरच्या पंख्यावर पडतो. मी तिथूनच मारला. अर्धा कॅन गेल्यावर लक्षात आलं, थांबलो, ब्लोअर पुसून कोरडा केला, नशिबाने मोटरला काही झालं नाही.

पण यातून एक मोठी गोष्ट कळली. फोम विरघळून त्याचं पाणी गाडीखाली टपकायला हवं म्हणून मी खाली पुठ्ठा अंथरला होता आणि तो कोरडाच. म्हटलं ठीक आहे, फोम पोचलाच नसेल. मग एसी लावून पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवली, या हवेत तर धार लागायला पाहिजे. एक थेंब नाही. मग आठवलं की चार-पाच दिवस डावीकडे वळताना डॅशबोर्डमधून पाणी हलल्यासारखा आवाज येतोय, मी तो बाटलीचा समजत होतो. आईच्या पायाखालचं रबरी मॅट उचललं आणि मॅटिंगवर तळहात दाबला, तर बोटांच्या मधून पाणी वर आलं.

एवढे दिवस मी वासाच्या मागे होतो आणि बघायला हवं होतं पाण्याच्या मागे. कॉइलवर जमलेलं पाणी खालच्या ट्रेमधून ड्रेन पाईपने बाहेर जातं, तो पाईप तुंबलाय, ट्रे भरून पाणी आत सांडतंय आणि आई त्या पाण्यावर पाय ठेवून बसत होती.

२१ जून, शनिवार

आमच्या ओळखीच्या मेकॅनिक दादांकडे रॅम्पवर गाडी चढवून घेतली. ड्रेन पाईप इंजिनच्या मागच्या पत्र्यातून डाव्या बाजूला खाली येतो, अंगठ्याएवढा रबरी तुकडा, खालून बघितल्याशिवाय दिसत नाही. दादांनी टॉर्च मारला आणि म्हणाले, "हे बघा, घर बांधलंय." पाईपाच्या तोंडाशी वाळलेली माती, गुळगुळीत, बोटाने लिंपल्यासारखी. कुंभारमाशीचं घर! गाडी दोन महिने उभी होती तेव्हा तिला ही नळी आयती सापडली.

तार नको म्हटलं, आत कॉइल आहे, तार टोचली तर भोक पडेल. गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉनची दोरी घेतली आणि फिरवत फिरवत आत घातली. आधी मातीचे तुकडे पडले आणि त्यांच्याबरोबर बारीक कोळी, सात-आठ, पाय मुडपलेले. कुंभारमाशी पिल्लांच्या खाण्यासाठी कोळी नांगी मारून लुळे करते आणि मातीत कोंडून ठेवते हे वाचलेलं होतं, हातावर पहिल्यांदाच घेतले. मग जरा जोर लावला आणि एकदम धार. काळपट तपकिरी पाणी, खालचं घमेलं अर्धं भरलं, आणि तो वास, सगळं गॅरेज भरून तोच वास. आई बरोबर नव्हती ते बरं झालं.

दादांनी पैसे घ्यायला नकार दिला, चहावरच भागवलं. एसी लावून परत बघितलं, दहा मिनिटांत टपटप सुरू. कॉम्प्रेस्ड हवेचा पाईप खालून मारावा का म्हणून मी विचारलं तर ते नको म्हणाले, घाण परत वर कॉइलकडे जाते आणि कधी कधी आतला जोड निघतो.

२२ जून, रविवार

पुढची डावी सीट काढली. चार बोल्ट, पण त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून थोडा वेळ थांबलो, कारण सीटखाली वायरी असतात आणि पिवळा कनेक्टर असेल तर तो एअरबॅगचा, त्याच्याशी घाई नको. दाराच्या उंबऱ्याची प्लॅस्टिक पट्टी काढून मॅटिंग उचललं. वरून ते फक्त ओलसर वाटत होतं, खाली जो जाड नमदा असतो तो मात्र स्पंजसारखा पाणी पिऊन बसलेला. पिळला तर बादलीत चार बोटं पाणी आलं. खालच्या पत्र्यावर दोन ठिकाणी गंजाचे डाग दिसले, घासून प्रायमर लावला, अजून एक पावसाळा असाच गेला असता तर तिथे भोकच पडलं असतं.

नमदा साबणाच्या पाण्याने धुतला आणि बाल्कनीत टाकला. ऊन कुठलं आलंय. दिवसरात्र टेबल फॅन.

२९ जून

नमदा अजून ओला आहे. वरून कोरडा लागतो, मधे बोट खुपसलं की गार. घरचे वैतागलेत कारण बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा नाही, पण अर्धवट वाळलेला परत बसवला तर सगळी मेहनत पाण्यात. गाडी सीटशिवायच चालवतोय, एकटाच, अगदी गरजेपुरती.

एक गोष्ट सापडली ती सांगण्यासारखी आहे. गाडी आतून सुकवायला एसी आणि हीटर एकाच वेळी लावायचा. एसीचं बटण चालू, तापमानाचा नॉब पूर्ण लाल बाजूला, वारा पायाकडे. कॉइल हवेतलं पाणी काढते आणि हीटर तीच हवा गरम करतो, मग ती कोरडी गरम हवा ओल शोषून घेते. ऑफिसच्या रस्त्यात रोज वीस मिनिटं केलं, घामाघूम झालो, पण पत्र्यावरची ओल चार दिवसांत गेली.

६ जुलै, रविवार

नमदा खडखडीत वाळला, चौदा दिवस लागले. बसवायच्या आधी फोमचं काम नीट केलं, कारण सीट नसल्यामुळे डॅशबोर्डखाली आडवं पडता येतं. ग्लोव्ह बॉक्सखाली ब्लोअरचा रेझिस्टर (त्याचा वेग कमी-जास्त करणारा भाग) असतो, दोन स्क्रूवर. तो वाऱ्याच्या वाटेतच बसवलेला असतो, ब्लोअरच्या पुढे आणि कॉइलच्या आधी, म्हणजे त्याच्या भोकातून नळी सरळ कॉइलच्या तोंडाशी जाते. (इंजिन बरंच आधी बंद केलं होतं, रेझिस्टर तापलेला असतो.) फोनच्या कॅमेऱ्याने आत बघितलं तर कॉइलचा खालचा एक तृतीयांश भाग दिसतच नव्हता, वर करड्या लोकरीसारखा थर.

पूर्ण कॅन मारला, नळी वर-खाली डावी-उजवी फिरवत. वीस मिनिटं थांबलो. खाली पाईपातून आधी पांढरा फेस आला, मग कॉफीसारखा, मग त्यात काळ्या चिंध्या. दुसरा कॅन मारला, त्याचा फेस शेवटी शेवटी जवळपास पांढरा. मग रेझिस्टर परत लावला, चारी दारं उघडी ठेवून ब्लोअर फुल आणि हीटर अर्धा तास.

दारं उघडी ठेवणं महत्त्वाचं. काही कॅनमधला गॅस पेट घेणारा असतो, डब्यावर ज्वाळेचं चित्र असतं ते बघून घ्या, बंद गाडीत असा स्प्रे कोंडून ठिणगी पडली तर स्फोट होतो. डिओडरंटलाही हेच लागू.

संध्याकाळी एसी लावला. नव्या कोऱ्या पत्र्याच्या डब्यासारखा हलका वास, बाकी काही नाही.

१३ जुलै

वास नाही. आता सवय लावून घेतलीये, घर यायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसीचं बटण बंद, ब्लोअर चालू, हवा बाहेरची. कॉइल ओली ठेवून गाडी बंद करायची नाही. बायकोला पण सांगितलंय, तिला कंटाळा येतो पण करते. पार्किंग गुलमोहराखालून हलवून घेतलं, सेक्रेटरींना आईचं कारण सांगितलं तर लगेच जागा बदलून दिली.

२० जुलै

सकाळी दार उघडल्यावर परत कुबट. पोटात गोळा आला. पण एसी लावल्यावर वास वाढत नव्हता, उलट मागून येत होता. डिकीतलं मॅट उचललं, स्टेपनीच्या खड्ड्यात पेलाभर पाणी. टेललाईटच्या रबरातून झिरपतंय. पुसून, सुकवून, रबर बदललं. दीड तासाचं काम.

१७ ऑगस्ट, रविवार

आज खरी परीक्षा. आईला घेऊन कर्नाळ्यावरून पेणला आणि परत. तिला सांगितलं नव्हतं काय काय केलंय ते, फक्त म्हटलं चल फिरून येऊ. पाऊस मुसळधार, काचा बंद, एसी दोनवर. मी तिच्याकडेच बघत होतो. कर्नाळ्याची खिंड आली तरी पदर खांद्यावरच. शेवटी मीच विचारलं, वास येतोय का गं. तिने दोनदा नाक ओढलं आणि म्हणाली, "खंयचो? माका नाय येत." पेणला उतरून पांढरे कांदे नाही पण पोह्याचे पापड घेतले आणि परत आलो. पंप पर्समधेच राहिला.

२४ ऑगस्ट, रविवार

पहाटे चारला निघालो, गावी संध्याकाळी पोचलो, रस्त्यावर गणपतीची गर्दी होतीच. आतलीच हवा फिरवत ठेवली तर माणसांच्या श्वासाने हवा जड होते आणि चालवणाऱ्याला झोप येते, म्हणून बहुतेक वेळ बाहेरची हवा. फक्त कशेडीच्या बोगद्यात आणि ट्रकच्या मागे अडकलो तेव्हा आतली, आणि बाहेर आलो की लगेच बटण परत. माणगावनंतर आई संगमेश्वरपर्यंत झोपली होती, तोंड उघडं टाकून, एकदाही खोकली नाही.

माणगावला चहाला थांबलो तेव्हा गाडीखाली डाव्या बाजूला पाण्याचं चांगलं थारोळं जमलं होतं. आई वाकून बघत म्हणाली, "अरे झिला, गाडी गळता काय?" मी बोट लावून बघितलं, स्वच्छ पाणी, ना रंग ना वास. तिला सांगितलं की हे एसीचं पाणी आहे, आधी हेच तुझ्या पायाखाली मुरत होतं. तिने मान हलवली आणि सीटवर बसायच्या आधी चप्पल काढून पाय मॅटिंगवर टेकवून बघितले.

गावी गाडी शेडमधे लावली. शेडच्या वाशांना कुंभारमाश्यांची तीन घरं आहेत. निघायच्या दिवशी सकाळी पाईपात दोरी घालून बघायचंय.